पिशवी आतली, पिशवी बाहेरची

आमच्या घरात ‘पिशवी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आतली पिशवी, म्हणजे मोठे आतडे आणि गुदाशय काढून टाकल्यावर लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची घडी घालून २०१२ साली माझ्या ओटीपोटात शिवलेला पाऊच. आणि दुसरी बाहेरची, म्हणजे इलिओस्टॉमीची, लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर लावायची पिशवी. आई दोन्हींना नुसते ‘पिशवी’ म्हणते, त्यामुळे फोनवर ती मावशीला नेमके काय सांगते आहे हे शेजारी बसलेल्या मलाही कळत नसे. २०२२ च्या पावसाळ्यात आतली पिशवी निकामी झाल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ती पुन्हा शस्त्रक्रिया करून दुरुस्त करायची की कायमची बाहेरची पिशवी पत्करायची, हे ठरवायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. त्या वर्षाविषयी हे लिहीत आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. सांगलीच्या गावभागात आमचे घर आहे आणि नोकरीची बहुतेक वर्षे जिल्ह्यातल्याच तालुक्यांत गेली. २००४ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा जुनाट आजार, असल्याचे मिरजेत निदान झाले. पुढची सात वर्षे मेसालामाइन, स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन यांवर निघाली. २०११ च्या दिवाळीनंतर मात्र आजार असा उसळला की दिवसाला वीस वेळा रक्त पडू लागले, शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडनेही ते थांबेना आणि मोठे आतडे तातडीने काढावे लागले. मग रीतसर तीन टप्पे झाले. पहिल्यात आतडे काढून पोटावर इलिओस्टॉमी केली, दुसऱ्यात गुदाशय काढून पाऊच केला आणि त्याचे टाके भरून येईपर्यंत तात्पुरती दुसरी इलिओस्टॉमी ठेवली, आणि तिसऱ्यात ती बंद केली. २०१२ च्या डिसेंबरात मी पुन्हा शौचालयात जाऊ लागलो, तेव्हा आईने सांगलीच्या गणपतीला नारळांचे तोरण बांधले.

चांगला पाऊच म्हणजे पूर्वीचे पोट नव्हे. दिवसा सहा-सात वेळा आणि रात्री एकदा जावे लागे. पण कळ आल्यावर अर्धा-पाऊण तास थांबता येई, आणि आमच्या कामात तेवढे पुरते. सकाळी निघायचे, गटाच्या चतुःसीमा पाहायच्या, लगतच्या खातेदारांसमोर यंत्र लावायचे आणि भाकरी सोडण्याआधी जवळच्या वस्तीवर कुणाकडे शौचालय आहे का, हे विचारून ठेवायचे, अशी माझी पद्धत होती. उसाचा फड असला तर विचारावेही लागत नसे. अशी जवळजवळ सहा वर्षे गेली. ही सहा वर्षे पुढे निर्णयाच्या वेळी फार आडवी आली.

२०१८ पासून बिघाड सुरू झाला. प्रथम पाऊचायटिस, म्हणजे पाऊचच्या अस्तराला येणारी सूज. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडॅझोल पंधरा दिवस घेतले की ती उतरे, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येई, आणि पुढे पुढे गोळ्या थांबवल्यावर आठवडाभरातच येऊ लागली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आमच्या माडीच्या पायऱ्यांवर पाणी चढले आणि एका शाळेतल्या निवारा केंद्रात आम्ही सहा दिवस काढले. तिथे दीडशे माणसांत चार शौचालये होती आणि मला दिवसाला पंधरा वेळा जावे लागत होते. रांगेतल्या लोकांनी मला एकदाही अडवले नाही, हे सांगितले पाहिजे. मीच लाजेपायी जेवण सोडले आणि सातव्या दिवशी सलाइन लावून घ्यायची वेळ आली.

मार्च २०२१ मध्ये गुदद्वाराशेजारी गळू झाले, ते फुटून भगंदर झाले आणि त्यात सेटॉन घालण्यात आला. सेटॉन म्हणजे भगंदराच्या मार्गातून ओवून ठेवलेला दोरा. आपल्याकडच्या लोकांना त्यावरून आयुर्वेदातले क्षारसूत्र आठवते, पण हा कापत नेण्यासाठी नव्हे, तर पू आत न कोंडता वाहता राहावा म्हणून असतो. मी मोजणी सोडून कार्यालयात नकलांच्या टेबलावर आलो. २०२२ च्या जूनमध्ये चोवीस तासांत १६ ते १८ वेळा जाणे, जोर करूनही पोट रिकामे न होणे, दिवसातून दोनदा नळी घालून पाऊच रिकामा करणे आणि खुर्चीवर एका कुल्ल्यावर भार देऊन बसणे, हे माझे वेळापत्रक झाले होते. अर्जित रजा संपली होती आणि परावर्तित रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता.

पाऊच बिघडला एवढे कळणे पुरेसे नसते. तो कशामुळे बिघडला यावर पुढचे सारे अवलंबून असते, आणि निम्मा वेळ आमचा त्यातच गेला. कारण क्रोन्स, म्हणजे पचनमार्गात कुठेही उद्भवू शकणारा सुजेचा जुनाट आजार, असेल, तर पुन्हा केलेला पाऊचही त्याच वाटेने जाण्याची भीती मोठी. कारण जोडणीतला दोष असेल, तर दुरुस्तीला अर्थ आहे. शिवाय आपल्याकडे आतड्यातला क्षयरोग आणि क्रोन्स यांचे रूप एकमेकांशी इतके मिळते की तोही नाकारून घ्यावा लागतो. दुर्बिणीतून पाऊचची तपासणी झाली, नमुने क्षयासाठी तपासले, ओटीपोटाचा एमआरआय झाला, पाऊचमध्ये औषध सोडून एक्स-रे काढले आणि भूल देऊन प्रत्यक्ष तपासणीही झाली. २०११ साली काढलेल्या मोठ्या आतड्याचे मेणात जतन केलेले तुकडे त्या वेळच्या रुग्णालयाकडून मागवून पुन्हा तपासावेत, असे मिरजेच्या डॉक्टरांनी सुचवले. त्या रुग्णालयाने तीन अर्ज आणि सहा आठवडे घेतले. सरकारी नोकर असूनही मला एवढी चिकाटी लागेल असे वाटले नव्हते.

तुकड्यांत क्रोन्सची लक्षणे नव्हती, क्षयही नव्हता. एमआरआयमध्ये मात्र दोन गोष्टी सापडल्या. गुदाशयाचा जो दीड-दोन सेंटिमीटरचा काठ जोडणीसाठी ठेवायचा असतो, तो माझ्यात पाच सेंटिमीटर राहिला होता. त्या काठात जुना कोलायटिस जिवंत होता आणि पाऊच त्यामुळे वरच अडकून नीट रिकामा होत नव्हता. दुसरे म्हणजे जोडाच्या मागच्या बाजूला, त्रिकास्थीच्या पुढे, सात सेंटिमीटर लांबीची एक पोकळी होती. जोड कधीतरी मागून किंचित सुटला असावा आणि तिथे वर्षानुवर्षे पू साचत असावा. तीन-साडेतीन सेंटिमीटरची ही चूक ऐकून मला खिन्न हसू आले. एवढ्या अंतरासाठी बांधावर कुऱ्हाडी निघालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि इथे मला दहा वर्षे पत्ताही नव्हता.

मग दोन मते घेतली. पुण्यातल्या सर्जनांचे म्हणणे सरळ होते. वय चाळीस, गुदद्वाराचे स्नायू शाबूत, क्रोन्स नाही आणि दोष यांत्रिक आहे, तेव्हा दुरुस्ती करूनच पाहावी. मुंबईचे सर्जन ही दुरुस्ती अधिक वेळा करणारे होते, आणि आश्चर्य म्हणजे तेच अधिक सावध होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर शौचालयाशेजारच्या बर्थवर जागून आम्ही सकाळी त्यांच्याकडे पोहोचलो. त्यांनी कोऱ्या कागदावर चित्रे काढून दीड तास समजावले. १९५२ साली इंग्लंडमध्ये ब्रुक यांनी आतड्याचे टोक बाहेरून उलटे दुमडून चोचीसारखे करण्याची रीत सांगितली आणि इलिओस्टॉमी सुसह्य झाली. १९६९ मध्ये स्वीडनच्या कॉक यांनी पोटाच्या आतच पिशवी केली, ती नळीने रिकामी करायची असते आणि आता फार थोडे सर्जन ती करतात. १९७८ मध्ये लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी पाऊच थेट गुदद्वाराला जोडला, आणि इंग्रजी ‘जे’ अक्षराची सुटसुटीत घडी त्यानंतर दोन वर्षांनी जपानच्या उत्सुनोमिया यांनी आणली. हे सारे ते इतिहास सांगावा म्हणून सांगत नव्हते. कायमची इलिओस्टॉमी ही हरल्यावर उरणारी गोष्ट नसून स्वतंत्र, विचारपूर्वक घडवलेली शस्त्रक्रिया आहे, हे त्यांना माझ्या मनावर ठसवायचे होते. त्या दिवशी ते ठसले नाही.

दुरुस्तीविषयी त्यांनी सांगितले ते असे. पोट उघडून पाऊच जुन्या व्रणांतून सोडवायचा, लांब राहिलेला काठ आणि पोकळी साफ करायची, आणि पाऊच पुन्हा खाली, या वेळी यंत्राने न शिवता हाताने, गुदद्वाराला जोडायचा. जुना पाऊच सोडवताना फाटला किंवा उपयोगाचा राहिला नाही, तर नवा करावा लागतो. पाऊचचे दोन्ही पदर पंधरा ते वीस सेंटिमीटरचे असल्याने त्यात आणखी तीस-चाळीस सेंटिमीटर लहान आतडे खर्ची पडते. ही दुरुस्ती नेहमी करणाऱ्या मोठ्या केंद्रांत चारपैकी सुमारे तीन जणांचा पाऊच टिकतो. पण टिकला म्हणजे पहिल्यासारखा चालला असे नव्हे. दिवसा सहा ते आठ वेळा, रात्री एक-दोन वेळा, आणि काहींना रात्री पॅड लावून झोपावे लागते. कायमच्या इलिओस्टॉमीचेही दोन प्रकार त्यांनी सांगितले. एक, पाऊच जागेवर ठेवून फक्त वाट वरून वळवायची. दुसरा, पाऊच काढूनच टाकायचा. दुरुस्ती असो की कायमची इलिओस्टॉमी, पहिली पायरी एकच होती. पोटावर तात्पुरती लूप इलिओस्टॉमी करून, म्हणजे आतड्याचे टोक नव्हे तर एक वळण बाहेर काढून, पाऊचला पाच-सहा महिने पूर्ण विश्रांती द्यायची, म्हणजे पू आणि सूज ओसरेल. तिच्याशिवाय ते पुढे काहीच करणार नव्हते. निर्णय आजच घ्यायचा नाही, हे कळल्यावर मी सुटकेचा श्वास टाकला.

घरी परतल्यावर विश्रामबागेतल्या दादाकडे बैठक झाली. दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “अरे, पिशवी कुठे पळून जाणार आहे? दुरुस्ती करून बघ. जमली तर जिंकलास. नाही जमली तर पिशवी आहेच की.” या युक्तिवादात मला कुठेच फट दिसेना. पुण्याच्या डॉक्टरांचेही सार तेच होते. आईच्या मनात तर २०११ ची पिशवी होती, जिच्याविषयी तिने नात्यात कुणालाही सांगितले नव्हते आणि जी लावून देवघरात जावे का, हे विचारायलाही ती संकोचत होती. मी दादाला होकार दिला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुढे दुरुस्ती करायची असे ठरवूनच, मुंबईला लूप इलिओस्टॉमी करून आलो.

लूप इलिओस्टॉमी चांगली गेली असे कुणी सांगितले तर मी विश्वास ठेवणार नाही. लूपला चोच नसल्यासारखीच असते, त्वचेच्या सपाटीला ती बसते आणि लहान आतड्यातले पाचक रस पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीखाली शिरून कातडी अक्षरशः पचवतात. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या पोटावर भाजल्यासारखा लाल पट्टा होता. दिवसाला सव्वा लिटरपर्यंत पातळ मल येई, क्षार कमी होऊन पायांत गोळे येत, ओआरएस आणि मीठ घातलेले ताक यांवर मी असे. जानेवारीत एका सुनावणीत साहेबांसमोर उभा असताना पिशवी सुटली आणि नकाशाची गुंडाळी पोटाशी धरून मी बाहेर पडलो. स्टोमाची, म्हणजे पोटावरच्या आतड्याच्या तोंडाची, काळजी शिकवणाऱ्या मुंबईच्या नर्सबाईंनी व्हिडिओ कॉलवर पावडर, पेस्ट आणि फुगीर चकती वापरायला शिकवले, तेव्हा कुठे चकती तीन-चार दिवस टिकू लागली.

तरीही फेब्रुवारीपासून काहीतरी बदलत होते. ताप थांबला. बूड दुखायचे थांबले. रात्री एकदा उठून पिशवी रिकामी केली की सकाळपर्यंत झोप लागे. चार वर्षांत मी असा झोपलो नव्हतो. वजन सहा किलो वाढले. एप्रिलमध्ये मनुष्यबळ कमी होते म्हणून मी स्वतःहून जत तालुक्यातल्या एका हद्दकायम मोजणीला गेलो. उन्हाने चकतीची कड सुटू लागली होती, ती टेपने दाबून धरली आणि काम संपवले. परतताना गाडीत सहकाऱ्याने विचारले, “आज वस्तीवर चौकशी केली नाहीस का रे?” कसली चौकशी, हे मला क्षणभर समजले नाही. शौचालय कुठे आहे हे मी दिवसभरात कुणालाच विचारले नव्हते. (आमच्या खात्यात ‘कायम’ हा शब्द चांगल्या अर्थाचा आहे. हद्द कायम झाली म्हणजे भांडण मिटले.)

यानंतर मी दादाचा युक्तिवाद कागदावर उतरवून पुन्हा तपासला, आणि तेव्हा फट दिसली. ‘नाही जमली तर पिशवी आहेच’ हे खरे होते, पण ती पिशवी आजची नसती. २०१२ मध्ये गुदाशय काढताना ओटीपोटात पहिल्यांदा हात घातला गेला. दुरुस्ती म्हणजे दुसऱ्यांदा. ती फसून पाऊच काढावा लागला तर तिसऱ्यांदा. दर वेळी व्रण घट्ट होतात, थर ओळखू येत नाहीत, आणि लैंगिक क्रिया व लघवी यांचे नियंत्रण करणाऱ्या नसा त्या व्रणांतच गुंतलेल्या असतात. आजच पाऊच काढला तरी धोका होताच, पण एकदाच. दुरुस्तीच्या वाटेने गेलो तर तो दोनदा पत्करावा लागण्याची शक्यता चारात एक होती, वर नवा पाऊच झाला तर आतड्याची लांबी जाणार होती, आणि पुन्हा काही महिने हीच लूप सोसावी लागणार होती. दादा पिशवीला तळाची पायरी समजत होता, जिथे केव्हाही उतरता येते. प्रत्यक्षात त्या पायरीवर चांगल्या अवस्थेत उतरणे आणि मोडून उतरणे यांत फरक होता.

नसांच्या धोक्याविषयी मी डॉक्टरांना विचारण्याचे टाळत होतो. मे महिन्याच्या भेटीत ते बायकोने विचारले. “तिन्ही वाटांनी आमच्या दोघांच्या संसारावर काय परिणाम होईल, ते स्पष्ट सांगा,” असे ती माझ्यादेखत म्हणाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पाऊच जागेवर ठेवला तर नसांना धक्का नाही, पण पोकळीतला पू, गुदद्वारातून येणारा चिकट स्राव आणि उरलेल्या काठात पेशी बदलत नाहीत ना, यासाठी दर वर्षी तपासणी, हे सारे आयुष्यभर राहील. सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर ती पोकळी सातवरून चार सेंटिमीटरपर्यंत आली होती, मिटली मात्र नव्हती. म्हणजे ही सर्वांत निर्धोक वाट माझ्यापुरती बंदच होती. त्या रात्री परतीच्या गाडीत बायको म्हणाली, “तुम्ही दुरुस्त झालेला पाऊच म्हणताना नेहमी लग्नानंतरच्या वर्षांतला पाऊच धरून बोलता. डॉक्टर तो देतो असं कुठे म्हणाले?” ती सहा चांगली वर्षे अशी माझ्या हिशेबात घुसून बसली होती. मी पिशवीची तुलना जे मिळू शकते त्याच्याशी करतच नव्हतो, जे गेले त्याच्याशी करत होतो.

याउलट उदाहरणही सांगायला हवे. नर्सबाईंच्या मध्यस्थीने साताऱ्यातल्या एक बाई माझ्याशी बोलायला तयार झाल्या. त्यांची दुरुस्ती चार वर्षांपूर्वी झाली होती. मी मुद्दाम साताऱ्याला जाऊन त्यांना भेटलो. त्या दिवसातून सात वेळा जात, रात्री पॅड लावत, आणि त्यांना आपल्या निर्णयाचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नव्हता. त्यांच्या त्वचेला कोणत्याही चकतीचा चिकटपणा सोसत नसे, लूपच्या काळात त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या, आणि त्यांची नोकरी बँकेत, शौचालयापासून वीस पावलांवर होती. निरोप घेताना त्या म्हणाल्या, “माझं ऐकून ठरवू नका हं भाऊ. तुम्ही रानात हिंडणारे.” त्या भेटीत मला दुरुस्तीची भीती वाटेनाशी झाली. तरीही ती नको, हे त्यानंतरच पक्के ठरले, कारण आता मी ती घाबरून नाकारत नव्हतो.

जून २०२३ च्या अखेरीस मी मुंबईला कळवले की पाऊच काढून कायमची इलिओस्टॉमी करावी. दादा दोन दिवस बोलला नाही. आईला मी एवढेच सांगितले की आतली पिशवी काढणार आणि बाहेरची राहणार; तिने “पूजेला चालेल ना?” असे विचारले आणि मी चालेल म्हटल्यावर विषय संपवला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नर्सबाईंनी स्टोमाची जागा आखली. त्याला तासभर लागला आणि तो तास मी कधी विसरणार नाही, कारण ती खरोखर मोजणीच होती. मला उभे केले, बसवले, वाकवले, आडवे केले. घडी कुठे पडते, पट्टा कुठे येतो, खांद्यावर यंत्राची तिवई घेतली की पोट कसे सरकते, हे पाहिले. बेंबीच्या खाली उजवीकडे, पोटाच्या सरळ स्नायूतून जाईल आणि मला स्वतःला मान खाली घालून दिसेल असा एक ठिपका ठरला. २०११ साली तातडीत असे कुणी काही केले नव्हते, आणि माझ्या मते आईच्या मनातल्या त्या जुन्या पिशवीची अर्धी बदनामी चुकीच्या जागेमुळे झाली होती.

शस्त्रक्रिया साडेसहा तास चालली. गुदद्वाराच्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या मधून जाऊन पाऊच काढला, बाहेरचा स्नायू तसाच ठेवून खालचे तोंड शिवले, आणि उरलेल्या पोकळीत पोटातली चरबीची झालर खाली ओढून भरली, जेणेकरून जखम रिकामी राहून चिघळू नये. तरीही खालची जखम भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांविषयी मला आधी कुणी पुरेसे सांगितले नव्हते, म्हणून हे ठळकपणे लिहितो. बसता येत नव्हते, रोज ड्रेसिंग होते, आणि अनेकदा वाटले की चुकलो. लघवीची नळी काढल्यावर पंधरा दिवस त्रास झाला, मग सुरळीत झाले. बाकीचेही सावकाश, जवळजवळ वर्षाने, पूर्ववत झाले.

आता चोच बाहेर आलेली आहे, मल पिशवीत पडतो, कातडी शाबूत आहे. दिवसाला सहाशे-सातशे मिलिलिटर येते. पिशव्या आणि चकत्या यांवर महिन्याला चार हजारांच्या आसपास खर्च होतो, आणि तो आयुष्यभराचा आहे, हे निर्णय घेणाऱ्याने धरून चालावे. उन्हाळ्यात पाणी नुसते पिऊन भागत नाही, मीठ लागतेच. मागच्या वर्षी पाणी कमी पडल्याने मुतखडा झाला. कणीस बंद आहे. तासगावचे बेदाणे आम्हा सांगलीकरांना सोडवत नाहीत, पण मूठभर बेदाणे नीट न चावता खाल्ल्यावर ते आत फुगून वाट अडली आणि एक रात्र मिरजेत दवाखान्यात गेली. आता पाच मोजून घेतो. सर्वांत विचित्र म्हणजे अधूनमधून पहाटे तीनच्या सुमारास जुनी कळ येते, जी जागाच आता नाही तिथे. डॉक्टरांनी हे होऊ शकते असे सांगितले होते. मी उठतो, पाणी पितो आणि परत झोपतो.

मोजणीवर मी गेल्या वर्षी पूर्णवेळ परतलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एक काम न चुकता करतो. पुराचे काही सांगता येत नाही, म्हणून पिशव्या, चकत्या, पेस्ट आणि ओआरएसची पाकिटे हवाबंद डब्यात भरून तो डबा उंचावरच्या विश्रामबागेत दादाकडे ठेवून येतो. यंदा दादाने डबा हातात घेऊन विचारले, “किती दिवसांचं आहे?” महिनाभराचे, असे मी सांगितले. त्याने तो कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आणि मला चहा पिऊन जायला सांगितले.